पंधरा पावलं

घर निघायचं त्या सकाळी लेमुय बेटावर धुकं नव्हतं.
चौदा बैल बाजूला रवंथ करत उभे,
घराखाली ओंडके, घराच्या कमरेला दोर,
आणि ओर्तेन्सिया आत्या ओरडत होती,
चुलीतला विस्तव काढला का रे कुणी?
पडदे तसेच होते खिडक्यांना.
भरतीच्या पाण्यावर तरंगत
घर पलीकडच्या किनाऱ्याला जाणार होतं.

ते आधीही एकदा चाललंय, बासष्ट साली.
तेव्हा बाबांनी फोटो काढला, याच वाळूतून.
वहीत पेन्सिलीनं नोंद:
"घर सात मीटर. दहा पावलं मागे.
सगळं मावतं. कडेला चार बोटं आकाश."

माझ्या गळ्यात कॅमेरा नवा,
त्याच्या तोंडाशी भिंग मात्र बाबांचंच,
पन्नास मिलिमीटरचं,
कड्याला पोचा, मी चार वर्षांची असताना पाडलेला.
दहा लांब पावलं मोजली, डोळा लावला.
दार होतं.
एक खिडकी, दुसरीची चौकट.
धुराडं नव्हतं. आत्या नव्हती.
पावणेपाच मीटर घर, बस्स.

भिंगाला काय बोलणार?
ते आजही तेवढंच गोल जग आत ओततं.
बाबांच्या फिल्मचं अंगण छत्तीस मिलिमीटर रुंद,
माझ्या सेन्सरचं साडेतेवीस.
उरलेला उजेडही येतोच आत,
अंगणाबाहेर पडतो, काळ्या भिंतीवर विरतो.
म्हणजे आत्या होती, कॅमेऱ्यातच होती,
डोकं खाली पाय वर,
काळ्या रंगावर उभी राहून विस्तवाचं विचारत.
आडात सगळं होतं.
पोहरा लहान.

भाचा एलिसेओ तळहातावर बोटानं गणित मांडत म्हणाला,
मावशी, छत्तीसला पन्नास, तर साडेतेवीसला किती?
तेहतीस.
तेहतीसचं भिंग लाव, इथूनच येईल आजोबांसारखा, हुबेहूब.
त्रैराशिक बरोबर होतं.
भिंग पुएर्तो मोन्तच्या दुकानात होतं
आणि पाणी चढत होतं.

मी मागे सरले.
अकरा. बारा, शेवाळ.
तेरा, बुटात समुद्र.
होडीवाला व्हिदाल म्हणाला, आणखी मागे जा,
मासेच काढतील तुझा फोटो.
चौदा.
पंधराव्याला लोकरीचा झगा कमरेपर्यंत जड झाला
आणि घर मावलं.
दोन्ही खिडक्या, धुराडं, आत्या,
आत्याच्या हातातली निखाऱ्यांची बादली,
कडेला चार बोटं आकाशसुद्धा.

रात्री दोन्ही फोटो शेजारी ठेवले.
घर तेवढंच. तसूभर फरक नाही.
पण घरामागचं चर्च दीडपट झालेलं,
छपरावरून वाकून बघणाऱ्या शेजाऱ्यासारखं.
टेकडी पुढे सरकलेली.
कोन कमी पडला तर पावलांनी भरून काढता येतो,
पण मग उभं राहायची जागा बदलते,
आणि जागा बदलली की
मागचं सगळं जवळ येऊन बसतं.
बाबांच्या फोटोत दफनभूमी म्हणजे एक पांढुरकी रेघ.
माझ्यात क्रॉस मोजता येतात.
सतरा.
एकाचं लाकूड अजून पिवळं आहे.

हे रात्रीचं. सकाळी एवढं कुठे दिसत होतं.
सकाळी बैलांनी माना घातल्या,
ओंडके करकरले,
बैलांच्या दोन रांगा माझ्या दोन्ही अंगांनी पाण्यात उतरल्या
आणि घर माझ्याकडे यायला लागलं.
डोळा मी काढला नाही.
आधी आकाश गेलं, मग धुराडं,
मग एकेक करून खिडक्या,
दहावर दार आणि दाराचा शेजार,
पाचावर नुसतं दार,
मग माशाच्या खवल्यांसारख्या त्या लाकडी फळ्या,
मग एक खिळा, गंजलेला,
आणि कुठूनतरी, चौकटीच्या बाहेरून, आत्या:
एदुविना, बाजूला हो, घर येतंय!